सगळ्या पालकांनी नीट ऐका

घरात मला भोंगा म्हणतात. नाव बाबांनी ठेवलेलं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, आणि एकदा का डोळ्याला भिंग लावून मान खाली घातली, की समोर कोण येऊन उभं राहिलंय याचा त्यांना पत्ता नसे. आईने जेवायला हाक मारली तरी नाही, गिऱ्हाइकाने काचेवर टकटक केली तरी नाही. माझी हाक मात्र बरोबर पोचायची. "भोंगा वाजला, आता उठायला हवं," म्हणत ते भिंग काढून ठेवायचे. आम्हा दोघा भावंडांना बाबा चेहऱ्यापेक्षा आवाजावरूनच जास्त ओळखत असतील, इतकी त्यांची मान कायम खाली.

या आवाजावर पुढे माझं पोट चाललं. मी शाळेची व्हॅन चालवते. व्हॅनभर पोरं, प्रत्येकाचं रडगाणं वेगळं, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला वाटतं की स्टिअरिंगवर बाई आहे म्हणजे आपण हॉर्न वाजवलाच पाहिजे. तिथे गोड बोलून भागत नाही. मुलांच्या आईवडिलांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यावरही मी लिहीत बसत नाही, सरळ बोलून पाठवते. "सगळ्या पालकांनी नीट ऐका," अशी सुरुवात केली की ऐकतात बिचारे. ऐकतात आणि पुढे चार ठिकाणी पाठवतात. मला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मग बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी सावकाश बोला, दचकवू नका. माझा धाकटा भाऊ, जो आता दुकान सांभाळतो, तो तर हात जोडूनच म्हणाला, "ताई, तू जरा हळू बोलत जा. तू आलीस की ते बावचळतात." मग काय, मी कुजबुजायला शिकले. आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखं मऊमऊ बोलायचे. आणि बाबा मला "बोला ताई, काय दुरुस्त करायचंय?" असं विचारायला लागले. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी व्हॅनमध्ये बसून रडले, मग सवय झाली.

ते एकदा दुपारी दुकानातून उठून बस डेपोपर्यंत चालत गेले. तेव्हा धाकट्याने ते नवं घड्याळ आणलं. मनगटावर बांधायचं, की माणूस कुठे आहे ते फोनच्या नकाशावर हिरव्या ठिपक्याने दिसतं. पुढे आणखी एकदा ते निघाले, तर ठिपक्यावरून मी त्यांना अर्ध्या रस्त्यात गाठलं. त्या दिवशी मी त्या ठिपक्याला मनातल्या मनात नमस्कार केला. ज्याने हे शोधून काढलं त्याचं भलं होवो, म्हटलं. पुढे पुढे मात्र असं झालं, की आम्ही बाबांकडे बघायचं सोडून ठिपक्याकडेच बघायला लागलो. ठिपका दुकानात, म्हणजे बाबा दुकानात, म्हणजे आपण मोकळे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर व्हॅन भरून निघाले होते. सिग्नलला थांबले, तर ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकलेला. खाली लिहिलं होतं, पिवळी टोपी घातलेला म्हातारा बागेपाशी मुलांचे हात धरतोय, सावध राहा. व्हिडिओ उघडायला गेले तर नुसतं चाक फिरतंय. मागून हॉर्न. ठेवला फोन. पुढच्या वळणावर दोन मुलांना सोडायचं होतं, त्यांची आई खाली यायला वेळ लावते. तेवढ्यात मी ठिपका बघितला, दुकानातच होता, बरं वाटलं. आणि मग व्हिडिओ न बघताच बटण दाबून बोलायला सुरुवात केली.

"सगळ्या पालकांनी नीट ऐका. पिवळी टोपी घातलेला एक म्हातारा बागेच्या बाजूला फिरतोय, मुलांचे हात धरतोय. मुलांना एकटं सोडू नका. दिसला तर धरून ठेवा."

इथे थांबायला काय झालं होतं? पण नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. नुसतं सावध राहा म्हटलं की लोक अंगठ्याचं चित्र टाकून मोकळे होतात, हे मला माहीत होतं. पूर्वी कधीतरी असल्याच एका निरोपात ऐकलेलं आठवलं, ते मी तिखटमीठ लावून पुढे जोडलं.

"आणि एक लक्षात ठेवा. हे एकटे नसतात. मागून एक बाई येते, माझे वडील आहेत, डोकं ठिकाणावर नसतं त्यांचं, असं म्हणते आणि सोडवून नेते. रडेल, पाया पडेल, भुलू नका. मी खात्री करून सांगतेय."

पाठवलं. दोन्ही मुलांची आई खाली आली तेव्हा तिच्या फोनवर माझाच आवाज चालू होता. "बरं झालं ताई सांगितलंत," म्हणाली. मी मान हलवली, जशी काही मीच त्या म्हाताऱ्याला धरून दिलं होतं.

शेवटचं मूल उतरवलं आणि धाकट्याचा फोन आला.

"ताई, बाबा तुझ्याकडे आलेत का?"

"माझ्याकडे कशाला येतील? दुकानात आहेत ना. ठिपका बघ की."

"ठिपका दुकानातच आहे," तो म्हणाला. "बाबा नाहीत."

तो पार्सल द्यायला मागच्या गल्लीत गेला होता. येईपर्यंत फोनवर ठिपका बघत होता, ठिपका हलला नाही, म्हणून आणखी एक काम उरकून आला. परत येतो तर खुर्ची रिकामी. ठिपक्याचं घड्याळ टेबलाच्या खणात, मऊ फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेलं.

हे आमच्या डोक्यात यायला हवं होतं. बाबांची जन्मभराची रीत होती. दुरुस्त केलेलं घड्याळ ते गिऱ्हाइकाला लगेच देत नसत. आधी एक दिवस स्वतःच्या मनगटावर वागवायचे. "टेबलावर काय, सगळीच चालतात," म्हणायचे, "हातावर चाललं तर खरं." आणि दुसऱ्याचं घड्याळ बांधायचं तर स्वतःचं काढून खणात ठेवायचं. कुणाचं तरी बंद घड्याळ खेळायला म्हणून धाकट्याने त्यांना दिलं होतं. त्यांनी ते चालू केलं, बांधलं, आणि आमचा ठिपका खणात ठेवून ते चालायला गेले. आम्ही शहाणे, घड्याळवाल्याच्या हातात घड्याळ बांधून निश्चिंत झालो होतो.

"अंगावर काय आहे त्यांच्या?" मी विचारलं.

"माझं करडं जाकीट. आणि उन्हाची म्हणून ती जाहिरातीची टोपी दिली होती मी. पिवळी."

धाकटा "ताई, ताई" करत होता. मी फोन ठेवला आणि तो व्हिडिओ उघडला. या वेळी लगेच उघडला मेला. बागेचं फाटक, पाठमोरा माणूस, समोर एक छोटी मुलगी. चेहरा दिसत नव्हता. पण हात दिसत होता. दोन बोटं मनगटाखाली, अंगठा घड्याळाच्या चावीवर. बाबा कुणाच्याही हातातलं घड्याळ असंच धरतात. लग्नात, बसमध्ये, दवाखान्यात, घड्याळ मागे पडलेलं दिसलं की धरला हात आणि लावलं बरोबर. आम्हाला याची लाज वाटायची. त्या मुलीच्या हातात गुलाबी पट्ट्याचं घड्याळ होतं.

आधी मी माझा निरोप पुसून टाकला, सगळ्यांच्या फोनवरून. पण आमच्या ग्रुपवरून पुसला गेला तरी पुढे गेलेल्याचं काय? तो गेला होता. कुठे कुठे गेला होता ते मला लगेच कळलं, कारण तो माझ्याकडे परत यायला लागला. व्हॅन धुणाऱ्याने पाठवला. माझ्या नणंदेने पाठवला, "काळजी घ्या वहिनी" असं लिहून. तिला माझा आवाजही ओळखू आला नाही.

मी दुसरा निरोप बोलले. "सगळ्या पालकांनी ऐका. मघाचं चुकीचं आहे. ते माझे वडील आहेत, त्यांना विसरायला होतं, कुणी हात लावू नका, दिसले तर मला फोन करा." बोलताना माझा आवाज कापत होता. पाठवला आणि वाट बघितली. पहिला कसा वणव्यासारखा गेला होता. हा तिथेच बसून राहिला. मग एका मुलाच्या वडिलांनी लिहिलं, "ताई, हे तुम्हीच बोलताय ना? आवाज वेगळा वाटतोय. मघाच्या निरोपात म्हटलंच होतं की अशी बाई येते." खाली तिघांनी अंगठे टाकले.

मी रागाने काय काय लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तेवढ्यात त्याच ग्रुपवर दुसरं कुणीतरी बोललं. "सापडला. बागेशेजारच्या गाड्या धुण्याच्या केंद्रापाशी धरून ठेवलाय." आणि सोबत जागेची खूण. नकाशावर लाल टाचणी. जिने हे केलं होतं, तिलाच आता ती टाचणी रस्ता दाखवत होती. मी धाकट्याला ती पाठवली आणि व्हॅन दामटली. आयुष्यात मी कधी सिग्नल तोडला नव्हता, पोरं मागे बसलेली असतात. त्या दिवशी मागे कुणी नव्हतं.

केंद्राच्या आवारात ही गर्दी. फरशी ओली, साबणाचा फेस वाहतोय, एक अर्धी धुतलेली गाडी तशीच सोडून दिलेली. कोपऱ्यात उलट्या बादलीवर बाबा बसले होते. टोपी कुठे तरी गेली होती. ओठ फुटला होता, जाकिटाची बाही खांद्यापासून सुटली होती. हात पुढे घेऊन पाणी सोडायच्या नळीने बांधले होते. बाबा वर बघत नव्हते. मान खाली, नजर बांधलेल्या मनगटावर. घड्याळाला पाणी लागू नये म्हणून ते हात वर उचलून धरत होते आणि शेजारी उभा असलेला एक हेल्मेटवाला ते पुन्हा पुन्हा खाली दाबत होता.

"लोकांचं घड्याळ आहे हो," बाबा म्हणत होते. "उद्या द्यायचंय."

पलीकडे ती गुलाबी पट्ट्याची मुलगी आईच्या कमरेला बिलगून उभी होती. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचा राग मला करता येईना. तिच्या जागी मी असते तर मी काय केलं असतं, ते मला चांगलं माहीत होतं.

मी गर्दीतून आत घुसले. डॉक्टरांनी शिकवलेला, धाकट्याने शिकवलेला तो मऊ आवाज काढला, कारण बाबा दचकायला नकोत.

"सोडा त्यांना," मी म्हणाले. "माझे वडील आहेत ते. त्यांचं डोकं..."

बोलता बोलताच मला कळलं की मी काय बोलतेय. पण वाक्य सुटलं होतं.

हेल्मेटवाला माझ्याकडे बघून हसला. "आली," तो गर्दीला म्हणाला. "सांगितलं होतं ना, बाई येणार म्हणून."

लोक माझ्या मागून सरकले आणि रस्ता बंद झाला. कुणीतरी म्हणालं, गाडी कुठली आहे बघा. दोघं जाऊन व्हॅनमध्ये डोकावून आले. एकाच्या हातात पाण्याची छोटी बाटली होती, कुणीतरी मूल विसरून गेलेलं. "आत पोरांच्या सीटा आहेत," तो म्हणाला. "ही बाटली बघा. पोरं न्यायलाच गाडी ठेवलीय." मी म्हटलं, शाळेची व्हॅन आहे, मी चालवते, हे लायसन्स बघा. "कागद काय, सगळ्यांकडे असतात," मागून आवाज आला. माझा दंड कुणीतरी धरला. घट्ट धरला. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आता दोघांनाही मार पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मुलीची आई तेवढी पुढे आली. "थांबा," ती म्हणाली. "त्यांनाच विचारू." ती बाबांसमोर वाकली. "आजोबा, ह्यांना ओळखता का?"

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे नीट बघितलं. इतकं नीट त्यांनी मला कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. मी मऊ आवाजात म्हणाले, "बाबा, मी आहे."

"नाही हो," बाबा म्हणाले. "पण बसा ताई, तुमचंही बघतो. हे हात तेवढे मोकळे झाले की."

गर्दीतून एक हुंकार उठला. हेल्मेटवाल्याने खिशातून फोन काढला. "अजून कुणाला शंका असेल तर ऐका," म्हणाला. "एका बाईने खात्री करून सांगितलंय." त्याने आवाज पूर्ण वाढवून फोन उंच धरला.

"सगळ्या पालकांनी नीट ऐका."

माझा आवाज त्या आवारात खणखणीत घुमला. रस्त्यावरून जाणारा एकजण थांबून बघायला लागला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आणि बाबा बादलीवरून उठले. हेल्मेटवाल्याने खांदा दाबला तरी उठले. चेहरा असा उजळला, की ओठातून रक्त येत होतं ते त्यांना दुखलं कसं नाही कोण जाणे.

"अरे, हा आमचा भोंगा," ते म्हणाले. "माझी मुलगी आहे ही. बोलतेय बघा." फोनमधला आवाज सांगत होता, दिसला तर धरून ठेवा. बाबा मान डोलावत होते. "शाळेची गाडी चालवते. असा आवाज आहे, की मेलेलं घड्याळ चालू होईल. कुठे आहे ती? भोंग्या, मी इकडे आहे गं."

फोनमधला आवाज पुढे चालूच होता. मागून एक बाई येते. मुलीच्या आईने आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला अजून कळत नव्हतं, पण कळायला लागलं होतं. आता मी गप्प राहिले असते तर बाबा तसेच बांधलेले राहिले असते. मी छाती भरून श्वास घेतला आणि मऊ आवाज फेकून दिला.

"रडेल, पाया पडेल, भुलू नका. मी खात्री करून सांगतेय."

फोन आणि मी, दोघं एकदमच बोललो. तोच आवाज, तीच ओढ, ‘खात्री’ या शब्दावरचा तोच जोर. माझ्या दंडावरचा हात सुटला.

"ती बाई मीच आहे," मी म्हणाले. "व्हिडिओ न बघता बोलले. खात्री बित्री काही केली नव्हती. टोळीचं आणि मागून येणाऱ्या बाईचं मी माझ्या मनाने घातलं."

"का?" मुलीच्या आईने विचारलं.

"तेवढं घातलं की लोक ऐकतात," मी म्हणाले.

एकेक जण आपला फोन खिशात घालून काढता पाय घ्यायला लागला. मारायला जेवढी गर्दी होती, तेवढी सोडवायला राहिली नाही. मुलीच्या आईने खाली बसून नळीची गाठ सोडली. "हिचं घड्याळ बंद होतं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आता चालतंय. मला वाटलं, हा हिला ओढतोय." हेल्मेटवाला तिथेच उभा होता, फोन हातात धरून. माफी त्याने मागितली नाही, मीही कुठल्या तोंडाने मागायला लावणार होते? "मी हे पुढे नऊ-दहा ग्रुपवर टाकलंय," एवढंच म्हणाला. "त्याचं आता काय करू?"

मला माहीत नव्हतं, तसं मी त्याला सांगितलं.

बाबांना व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. धाकटा निघालाय, दवाखान्यात भेटू म्हणाला. बाबांनी ओल्या घड्याळाची काच शर्टाने पुसली, कानाला लावली, समाधान झालं. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाले, "ताई, मघाशी त्या फोनवर माझी मुलगी बोलत होती. पुन्हा लावता का जरा? बऱ्याच दिवसांनी आवाज ऐकला तिचा."

डोळ्यांसमोरचा रस्ता मला दिसेना. मी गाडी कडेला घेतली, आणि आजवर शिकलेलं सगळं गुंडाळून ठेवून मोठ्याने म्हणाले, "बाबा, आधी पट्टा लावा!"

ते दचकले नाहीत. मान खालीच होती, नजर मनगटावर.

"लावतो गं भोंग्या," ते म्हणाले. "ओरडू नकोस, ऐकू येतंय मला."

त्यांनी पट्टा लावला. मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. फोन मांडीशी सारखा थरथरत होता, गावभरची माणसं मला माझाच आवाज पाठवत होती, काळजी घ्या म्हणून.